अनुभव सांगताना मी जे गाळलं

॥ श्री गुरवे नमः ॥



रामनवमीच्या उत्सवात मी सांगितलेला माझ्या कंबरदुखीचा अनुभव तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी ऐकला असेल. इथे इंदूरला तो चार मिनिटांचा रेकॉर्ड झाला आणि दोन दिवसांत ग्वाल्हेर, बडोदा, बेळगाव, हैदराबाद, सगळीकडच्या कुटुंब-गटांवर पोचला. कितीतरी जणांनी नमस्काराच्या खुणा पाठवल्या, फोन केले. मला छान वाटलं, खोटं कशाला सांगू.

त्या अनुभवात मी बोलले त्यातला एकही शब्द खोटा नव्हता. तरीही तो अनुभव खरा नव्हता. मधली एक गोष्ट मी गाळली होती. ती आज सांगायची आहे. त्याबरोबर एक प्रश्नही तुमच्यासमोर ठेवायचा आहे. गुरुकृपेचं वर्णन करताना आपण घेतलेला उपचार झाकला, तर ती भक्ती होते की असत्य?

आधी झालं काय ते सांगते. दत्तजयंतीच्या महाप्रसादाची तयारी चालू होती. आमटीचं पातेलं सरकवायला मी वाकले आणि कमरेत कळ आली. दोन दिवसांत ती कळ डाव्या कुल्ल्यातून मांडीच्या मागून थेट पायाच्या करंगळीपर्यंत उतरली. बसलं की वाढायची, खोकलं की विजेसारखी जायची. रात्री कूस बदलायला ह्यांना उठवावं लागायचं. जपाला बसायचं तर भिंतीला टेकून, तेही पाच मिनिटं. एम.आर.आय. काढला, तेव्हा कळलं की शेवटच्या दोन मणक्यांमधली गादी बाहेर सरकून नसेला लागते आहे. आपण ज्याला सायटिका म्हणतो, ते हेच.

डॉक्टरांनी घाबरवलं नाही. ते म्हणाले, सरकलेल्या गादीचा त्रास बहुतेकांचा काही आठवड्यांत ते काही महिन्यांत आपोआप कमी होतो, शरीर तो बाहेर आलेला भाग हळूहळू जिरवतं. तोवर गोळ्या, फिजिओथेरपी आणि जमेल तेवढं चालणं. आठ आठवडे मी ते सगळं केलं. पण दुखणं इतकं होतं की व्यायामच करवत नव्हता. तेव्हा त्यांनी ‘एपिड्युरल स्टेरॉइड इंजेक्शन’ सुचवलं.

नाव ऐकून माझी छाती धडधडली. पाठीच्या कण्यात सुई! पण त्यांनी कागदावर चित्र काढून समजावलं. कण्यातल्या नसांभोवती एक आवरण असतं. त्या आवरणाच्या बाहेरच्या पोकळीत, दबलेल्या नसेजवळ, सूज उतरवणारं औषध सोडायचं. सोबत थोडं बधिरतेचं औषध. नस दुखते ती फक्त दाबामुळे नाही, तिच्याभोवतीच्या सुजेमुळेही. औषध त्या सुजेवर काम करतं, सरकलेली गादी जागेवर बसवत नाही. पायात उतरणाऱ्या कळेवर त्याचा उपयोग जास्त, नुसत्या कंबरदुखीवर कमी. फरक पडला तर काही दिवसांत पडतो आणि टिकला तर काही आठवडे ते काही महिने. त्यांचं शेवटचं वाक्य माझ्या अजून लक्षात आहे. “ताई, हे दुखणं बरं करणारं इंजेक्शन नाही. व्यायाम करता यावा म्हणून मिळालेली उसंत आहे.”

माघ महिन्यात ते घेतलं. पोटाखाली उशी ठेवून पालथं झोपवलं, वर सी-आर्म नावाचं एक्स-रेचं यंत्र. आधी कातडी बधिर केली. मग सुई योग्य जागी आहे ना, हे पाहायला एक्स-रेत दिसणारा द्रव सोडला आणि मग औषध. पायात एकदा जोराचा दाब आला, तेवढाच. अर्ध्या तासाच्या आत सगळं आटोपलं, संध्याकाळी घरी. मला मधुमेह आहे, त्यामुळे पुढचे चार-पाच दिवस साखर वाढलेली होती. ते होईल हे त्यांनी आधीच सांगितलं होतं, म्हणून रोज तपासत होतो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी सकाळी उठले आणि जाणवलं, पायातली कळ निम्म्याहून कमी झाली आहे. मी देवघरात जाऊन रडले.

त्या संपूर्ण काळात माझं नाम चालू होतं, हेही तितकंच खरं आहे. सुई टोचताना मी सद्गुरूंचं नाव घेत होते आणि मन शांत होतं. रात्र रात्र झोप नसताना ज्याच्या आधारावर मी चिडचिड न करता राहिले, तो आधार औषधाच्या कुपीतला नव्हता.

आता रामनवमी. माईक हातात आला. मी काय सांगितलं? दुखणं किती भयंकर होतं, मी अकरा हजार जपाचा संकल्प कसा केला आणि जप पूर्ण व्हायच्या आत पायातली कळ कशी गेली. जप केला होता, कळ गेली होती. इंजेक्शनचं मी बोललेच नाही.

का बोलले नाही? पुष्कळ दिवस मी स्वतःला सांगत होते की वेळ कमी होता. ते काही खरं नव्हे. खरं कारण असं की इंजेक्शनच्या आधी आमच्या स्वयंपाकाच्या सेवेत एक जण सहज म्हणाल्या होत्या, “नामावरचा विश्वास कमी पडला का हो?” त्या हसून म्हणाल्या, मनात काही नव्हतं. पण ते मला लागलं. आणि दुसरं कारण असं की समोर दीडशे माणसं बसलेली असताना ‘जप केला आणि बरं वाटलं’ हे वाक्य जसं दिसतं, तसं ‘जप केला, गोळ्या घेतल्या, व्यायाम केला, सुई घेतली आणि बरंच बरं वाटलं’ हे दिसत नाही. टाळ्या पहिल्याला मिळतात.

आषाढात, गुरुपौर्णिमेच्या आठ दिवस आधी, ग्वाल्हेरहून फोन आला. आपल्याच परिवारातल्या एका काकूंची सून बोलत होती. (काकूंना विचारूनच हे लिहिते आहे, नाव मात्र देत नाही.) ती म्हणाली, “मावशी, तुम्ही कोणता जप केला होता ते विचारायचं होतं. आईंना तुमच्यासारखंच आहे. डॉक्टरांची तारीख होती, ती त्यांनी रद्द केली. म्हणाल्या, तिला नामाने बरं वाटलं, मला का नाही वाटणार? पण आता तीन आठवडे झाले, त्यांच्या पायातून चप्पल निसटते. पाऊल वर उचलत नाही.”

माझ्या हातातलं काम तिथेच राहिलं. डॉक्टरांनी मला पहिल्याच दिवशी ज्या खुणा सांगितल्या होत्या, त्यातली ही एक होती. दुखतंय म्हणून थांबता येतं, पण पायाची शक्ती जायला लागली तर थांबायचं नसतं. मी तिला सगळं सांगितलं, इंजेक्शनसकट, आणि म्हटलं, आजच्या आज दाखवायला ने. त्यांनी नेलं. नस बरेच दिवस दाबली गेली होती, शस्त्रक्रिया करावी लागली. कळ गेली. पाऊल अजून पूर्ण उचलत नाही. काकू पट्टा लावून, काठी घेऊन चालतात. आधी गेलो असतो तर किती फरक पडला असता, हे कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण तीन आठवडे वाया गेले आणि ते माझ्या चार मिनिटांमुळे गेले.

मी ग्वाल्हेरला त्यांना भेटायला गेले. त्या रागावल्या नाहीत. चहा झाल्यावर एवढंच म्हणाल्या, “तू तेव्हाच का नाही सांगितलंस गं?”

या प्रश्नाला मी मनातल्या मनात खूप उत्तरं दिली. ती एकेक करून तुमच्यासमोर ठेवते, कारण तुम्हालाही हीच उत्तरं सुचतील.

पहिलं उत्तर, माझा हेतू चांगला होता, लोकांची श्रद्धा वाढावी हा. पण जी श्रद्धा टिकवायला काहीतरी लपवावं लागतं, ती सद्गुरूंवरची श्रद्धा असते का? सद्गुरूंना माझ्या मदतीची गरज होती का, की मी त्यांची कृपा थोडी उजळून दाखवावी? खरं तर मी त्यांच्यावर अविश्वासच दाखवला. पूर्ण हकीकत सांगितली तर त्यांचं महत्त्व कमी होईल, अशी भीती मला वाटली.

दुसरं उत्तर, शेवटी सगळं कृपेनेच होतं. डॉक्टरही त्यांनीच धाडले, सुईही त्यांचीच. हे मी आजही मानते. पण असं असेल तर मग ते सांगायला संकोच कसला? डॉक्टर हे कृपेचंच रूप असतील तर त्यांचं नाव गाळणं म्हणजे कृपेचाच एक भाग गाळणं. प्रसादाचा शिरा वाटताना आपण ‘कृपा’ म्हणून वाटतो. पण त्यात काजू आहेत का, असं कोणी विचारलं तर सांगतो ना? कारण एखाद्याला ते चालत नसतात. ऐकणाऱ्याच्या तब्येतीचा जिथे प्रश्न आहे, तिथे प्रसादात काय काय आहे ते सांगावंच लागतं.

तिसरं उत्तर सगळ्यात जड आहे, तितिक्षेचं. आपल्याकडे सहन करण्याला मोठा मान आहे. आद्य शंकराचार्यांच्या नावाने असलेल्या ‘विवेकचूडामणी’त तितिक्षेची व्याख्या आहे. तिचा अर्थ असा की आलेलं दुःख, त्याचा प्रतिकार न करता, चिंता आणि विलाप न करता सोसणं. प्रतिकार न करता! हे वाचलं की माझ्यासारखीला अपराधी वाटतं. आपण तर सुई घेतली.

यावर मी बराच विचार केला. मला त्या व्याख्येतून सोईस्कर पळवाट काढायची नाही. ज्याला तशी तितिक्षा साधते, त्याला माझा नमस्कार. पण ती साधकाने स्वतःसाठी स्वीकारायची गोष्ट आहे, स्वतःच्या देहावर, पूर्ण जाणीव ठेवून. दुसऱ्याच्या कंबरेवर ती लादता येत नाही. ग्वाल्हेरच्या काकूंनी तितिक्षा स्वीकारली नव्हती. त्यांना बरं व्हायचं होतं आणि बरं होण्याचा मार्ग म्हणून त्यांनी माझा अनुभव धरला. त्यांच्या निर्णयाला वैराग्याचा आधार नव्हता, माझ्या अर्धवट माहितीचा होता.

आणि संतांनीही उपचारांना कधी अपवित्र मानलेलं दिसत नाही. श्रीरामकृष्णांना घशाचा कर्करोग झाला, तेव्हा १८८५ साली त्यांना उपचारासाठी दक्षिणेश्वरहून कलकत्त्यात आणलं आणि डॉ. महेंद्रलाल सरकार यांचं औषध चालू होतं. रमण महर्षींच्या हातावर गाठ आली, तेव्हा १९४९ या एका वर्षात त्यांच्यावर चार शस्त्रक्रिया झाल्या. दोघांनीही त्याच दुखण्यात देह ठेवला. औषध घेतलं म्हणून त्यांचं मोठेपण कमी झालं नाही, आणि औषधाने देह वाचला नाही म्हणूनही नाही. समर्थांनी दासबोधाच्या तिसऱ्या दशकात तीन ताप सांगितले, त्यात देहाच्या रोगांची केवढी लांबलचक यादी दिली आहे! दुखण्याला नावानिशी ओळखणं हे काही अध्यात्माच्या विरुद्ध नाही.

हे सगळं तपासताना माझी तितिक्षा नेमकी कुठे कमी पडली, ते मला दिसलं. ती ऑपरेशन थिएटरमध्ये कमी पडली नव्हती. माझ्याने सोसवलं नाही ते स्वयंपाकघरातलं एक वाक्य. ‘विश्वास कमी पडला का’ हे ऐकून घेणं मला कण्यात सुई घेण्यापेक्षा अवघड गेलं. तिथे सोसायला हवं होतं, प्रतिकार न करता आणि विलाप न करता. तिथे मी प्रतिकार केला आणि त्याची किंमत दुसऱ्याच कोणाच्या पायाने दिली.

आता कोणी म्हणेल, म्हणजे ताई आता उलटं सांगतायत, जपाने नाही, इंजेक्शनने बरं वाटलं. तसंही नाही. ग्वाल्हेरहून आल्यावर मुलाने मला या इंजेक्शनवरचे अभ्यास शोधून वाचून दाखवले. कॉक्रेन नावाची एक संस्था जगभरच्या चाचण्या एकत्र करून तपासते. २०२० मध्ये त्यांनी सायटिकासाठीच्या या इंजेक्शनच्या २५ चाचण्या तपासल्या. औषध नसलेल्या इंजेक्शनच्या तुलनेत स्टेरॉइडने पायाचं दुखणं सुरुवातीच्या काळात थोडं कमी होतं, पण हा सरासरी फायदा लहान आहे, असं त्यांना आढळलं. अमेरिकेच्या औषध खात्याने २०१४ मध्ये इशाराही दिला आहे की क्वचित, अगदी क्वचित, या इंजेक्शनने दृष्टी जाणं, पक्षाघात असे गंभीर प्रकार होऊ शकतात. म्हणून ते उठसूट घ्यायचं नसतं. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, मधुमेह असेल, कुठे जंतुसंसर्ग असेल तर डॉक्टरांना आधी सांगायचं असतं.

म्हणजे बघा, मला बरं वाटलं ते नेमकं कशाने? सुईने? की दहाव्या आठवड्यात ते तसंही उतरणारच होतं? की मन शांत होतं म्हणून शरीर आखडलं नाही? मला नाही सांगता येत, आणि डॉक्टरांनाही माझ्यापुरतं नक्की सांगता येणार नाही. म्हणून ‘नामानेच गेलं’ म्हणणं जसं माझ्या अधिकाराबाहेरचं, तसंच ‘सुईनेच गेलं’ म्हणणंही. मी काय काय केलं आणि काय काय झालं, एवढंच माझ्या हातात आहे. त्यामागचं कारण सांगण्याची घाई मी केली.

आणखी एक कबुली. तो रेकॉर्ड तुमच्याकडे फिरत होता, तेव्हा जेठापर्यंत माझं दुखणं थोडं परतलंही होतं. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणेच. रेकॉर्डमधली मी पूर्ण बरी होते आणि घरातली मी गरम पाण्याची पिशवी घेऊन बसले होते. मिळालेल्या उसंतीत व्यायाम सुरू झाला होता, म्हणून पहिल्यासारखं वाढलं नाही. आता मी रोज पाऊण तास चालते. पातेली उचलत नाही. महाप्रसादाला खुर्चीवर बसून भाजी निवडते, तीही सेवाच आहे.

संपादन मंडळातल्या दादांशी बोलून तो जुना रेकॉर्ड केंद्राच्या गटांवरून काढला आहे. तुमच्या फोनमध्ये असेल तर कृपया पुढे पाठवू नका. आधीच कोणाला पाठवला असेल तर हा लेखही त्याच माणसाला पाठवा. ही माझी हात जोडून विनंती आहे.

आणि यापुढे आपल्यापैकी कोणीही दुखण्याचा अनुभव सांगेल तेव्हा तीन गोष्टी जोडाव्यात, असं मला वाटतं. कोणता उपचार घेतला आणि किती दिवस घेतला. अजून काय शिल्लक आहे. आणि ऐकणाऱ्याने माझ्यावरून आपला उपचार ठरवू नये, हे स्पष्ट वाक्य. याने अनुभव छोटा होत नाही. ऐकणाऱ्याचा आपल्यावरचा विश्वास ही आपल्याकडे ठेवलेली ठेव आहे, आणि ठेव सांभाळणं हीदेखील गुरुसेवाच.

कंबरदुखी असलेल्यांनी एवढं लक्षात ठेवा. पायाची किंवा पावलाची ताकद कमी होणं, बसायच्या जागेभोवती बधिरपणा येणं, लघवी किंवा शौचावरचा ताबा जाणं, दुखण्यासोबत ताप येणं, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. रिक्षात बसून जप करा, दवाखान्याच्या बाकावर करा, सुई टोचताना करा. मी केला आहे, तिथेही तो तितकाच लागतो.

गेल्या आठवड्यात काकूंचा फोन आला होता. काठी न घेता देवघरापर्यंत गेल्या म्हणाल्या, सात पावलं. मी म्हटलं, गटावर टाकू का? त्या म्हणाल्या, “टाक. पण पट्ट्याचं आणि व्यायामवाल्या मुलीचं नाव आधी टाक, मग सद्गुरूंचं. त्यांना राग यायचा नाही.”

टाकलं आहे.

॥ श्रीसद्गुरुचरणार्पणमस्तु ॥

आपली एक गुरुभगिनी, इंदूर